एहेगावचा पूल, खालून

नाशिकरोड ते मुंबई बावीस वर्षं अप-डाऊन केलं. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, रात्री पंचवटीनेच यायचं. पासवाल्यांच्या डब्यात भाजी निवडून झाली, भिशी लागली, दोन लग्नं जुळली. त्यातला एक तास कसारा घाटात जायचा, आणि त्या घाटातल्या सगळ्यात उंच पुलावरून मी हजारो वेळा गेले. पूल मात्र कधी दिसला नाही.

दिसणार तरी कसा? त्याचा लोखंडी सांगाडा, त्या त्रिकोणी कैच्या, सगळं रुळांच्या खाली. डब्यातून कळतो तो फक्त आवाजातला फरक. बोगद्यातली घरघर संपते, एकदम पोकळ, धातूचा आवाज सुरू होतो आणि खिडकीत झाडांचे शेंडे खाली दिसतात. पावसाळ्यात तेही नाही, नुसतं पांढरं धुकं. आमच्यातली एक बाई त्या आवाजावर उठायची. "आला पूल, आता इगतपुरीला चहा," म्हणून डोळे चोळायची.

घाट आहेच अवघड. 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, रेल्वेसाठी फारच खडा चढ. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतं, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं. लागलं की शेवटच्या डब्यापासून एक हिसका पुढे सरकत यायचा आणि झाकण नीट न लावलेल्या डब्यातलं वरण पिशवीत सांडायचं. (गंमत म्हणजे रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप'. घाट उतरते ती अप, चढते ती डाऊन. बावीस वर्षांत मला हे पटलं नाही.)

हा घाट जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या इंग्रजांच्या रेल्वे कंपनीने बांधला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, 1853ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तेव्हाही तोच होता. थळ घाटाचा, म्हणजे या कसारा घाटाचाच, मार्ग 1865ला सुरू झाला, बर्कली 1862लाच वारला. एहेगावचा पूल सुमारे 750 फूट लांब आणि दरीच्या तळापासून साधारण 180 फूट उंच. हे आकडे मी निवृत्त झाल्यावर शोधले. नोकरीत असताना सुचलं नाही, तेव्हा फक्त गाडी किती लेट आहे ते बघायचो.

घोटीची माझी आजी मात्र सांगायची की साहेबाचा पूल उभाच राहीना, पाया भरताना त्यात पोरं घातली तेव्हा राहिला. म्हणून अनोळखी माणसाने गूळ दिला तर घ्यायचा नाही. पुढे कळलं की जिथे मोठा पूल तिथे हीच गोष्ट असते. तरी ती निव्वळ थाप होती असंही मी म्हणणार नाही. घाटांच्या कामांत पटकीने मजूर पटापट मेले, कामावर गेलेली माणसं घरी परत आली नाहीत. घरच्यांनी त्याला काय नाव द्यावं? डब्यात एक काका शिंग्रोबा धनगराची गोष्टही याच घाटावर चिकटवायचे, साहेबाला वाट दाखवली आणि मग साहेबानेच मारलं ती. तो शिंग्रोबा बोरघाटातला, खोपोलीकडचा. काकांना सांगून उपयोग नसायचा.

गेल्या डिसेंबरात एका मैत्रिणीला घेऊन कसाऱ्याला उतरले. रिक्षा केली, पुढे पायवाटेने चाललो. आधी नुसतं रान, वाळलेलं गवत, आणि मग मान वर केली तर तो. दगडी खांब इतके उंच की वरचा लोखंडी भाग काड्यापेटीच्या काड्यांनी केल्यासारखा नाजूक वाटत होता. खांबाच्या दगडावर हात ठेवला, थंडगार, टाकीचे घाव अजून स्पष्ट. कुणीतरी छिन्नीने एकेक दगड असा घडवला. कुणी, ते कुठे लिहिलेलं नाही. बर्कलीचं नाव मला सापडलं, याचं नाही.

तेवढ्यात वरून गाडी गेली. आधी सावली गेली, मग खडखडाट, आणि अगदी शेवटी धापा टाकत बँकर. मी उगाचच हात हलवला.

परत आलो तर रिक्षावाला विडी विझवत म्हणाला, "काय ताई, हाच बघायला आलात? वरून तर रोज जात होतात की."