कोळंबवाले, उतरा

आज जेवण गेलं नाही. वस्तीच्या गावातल्या वयनीने बांगड्याचं तिखलं आणून दिलं होतं, तरी. कारण कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मालवणहून सुटलेली शेवटची गाडी. कोळंब जवळ आलं की मी ओरडतो, "कोळंबवाले, कोलंबी संपवा नि उतरा!" वीस वर्षं ओरडतोय. नेहमीची माणसं आता हसतसुद्धा नाहीत, पिशव्या आवरायला घेतात. आज एका कॉलेजच्या पोराने मोबाईल वर धरला. तोवर मी बोलून मोकळा झालो होतो. तो म्हणाला, "काका, परत एकदा बोला मां. आवाज नीट येवक नाय."

माझी जीभ टाळूलाच चिकटली. तेच चार शब्द परत बोलायचे होते, दुसरं काही नाही. मी त्याला म्हटलं, "सुट्टे दोन रुपये काढ." त्याच्याकडे पास होता.

तेव्हापासून बद्रुद्दीन काझी डोक्यातून जात नाही. जॉनी वॉकर हो. तोही कंडक्टरच, मुंबईच्या बेस्टचा. इंदूरला बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली, एवढं मोठं खटलं मुंबईत आलं. पोराने बर्फाच्या कांड्या विकल्या, फळं विकली, भाजी विकली, मग बसवर लागला. मनात मात्र नूर मोहम्मद चार्ली, त्या काळचा विनोदी नट. बसमध्ये नकला करत लोकांना हसवायचा, कोणीतरी सिनेमावाला बघेल म्हणून. बघितलं बलराज साहनींनी. ते तेव्हा गुरुदत्तसाठी 'बाजी' लिहीत होते. त्यांनी याला सांगितलं, जा, गुरुदत्तसमोर दारुड्याचं सोंग कर. हा गेला आणि असा झिंगला की १९५१ च्या त्या सिनेमात काम मिळालं, वर व्हिस्कीचं नाव मिळालं. स्वतः मात्र दारूला शिवत नसे.

आई म्हणायची, नशीब लागतं. मीही तेच म्हणत आलो. माझ्या गाडीत कोण चढणार? आंब्याच्या पेट्या, सुक्या मासळीच्या पिशव्या आणि एक म्हातारी, जी रोज विचारते गाडी आचऱ्याक जाता काय. आचऱ्याच्या गाडीत बसून. या रस्त्यावर बलराज साहनी कुठून आणायचा? जत्रेतल्या दशावतारात मी संकासूर करायचो तेव्हा भाऊ म्हणाले होते... जाऊ दे, भाऊंचं आज नको.

पण मग ते "परत एकदा बोला मां" कानात वाजतं. मागितलं होतं की कोणीतरी! काझीलाही तेवढंच झालं, करून दाखव म्हणून कोणीतरी सांगितलं. त्याने एक थेंब न घेता झिंगून दाखवलं. मी माझंच, वीस वर्षांचं पाठ वाक्य विसरलो. काझी गळ टाकून बसला होता. मी नुसता पाण्यात दगड मारत होतो आणि मासे लागत नाहीत म्हणून रडत होतो.

लोकांना जॉनी वॉकरचा 'प्यासा'तला तेलमालिशवाला आठवतो. मला 'आनंद'मधला इसाभाई आठवतो, शेवटी शेवटी तो हसवायचं सोडून रडवतो तेव्हाचा. असो.

तसं झालं असतं काय म्हणा. त्या पोराच्या मोबाईलवर शंभरेक जणांनी बघितलं असतं, त्यातले नव्वद आमच्याच वाडीतले. बायको म्हणाली असती, "शर्टाचं बटण तरी लावूचा होतास." ते आजही तुटलेलंच होतं.

आता साडेदहा. गाडी देवळासमोर उभी आहे, ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा. बॅटरी लावून हे लिहितोय. मघाशी हळूच दांड्याला धरून उभा राहिलो आणि रिकाम्या सीटांना म्हटलं, कोळंबवाले, कोलंबी संपवा नि उतरा. बरं जमलं. परत म्हटलं, जरा मोठ्याने.

चादरीतून आवाज आला, "कोळंबचो कोण नाय रे गाडयेत. झोप आता, पाचाक सोडूची हा."