डोकं ठिकाणावर

मंगळवार, रात्री पावणेअकरा

सकाळी उठले तीच डोकं धरून. बाम चोळला, आलं घालून चहा घेतला, तरी ठणका जाईना. तेव्हा खार्मिदीस आठवला. त्यालाही सकाळी उठल्यावर डोकं जड वाटायचं.

प्लेटोने त्याच्याच नावाने संवाद लिहिलाय. सॉक्रेटिस पोटिडियाच्या लढाईवरून आदल्या संध्याकाळीच अथेन्सला परतलेला. आखाड्यात हा देखणा पोरगा भेटतो. सॉक्रेटिस म्हणतो, माझ्याकडे एक पाला आहे, पण मंत्राशिवाय तो लागू पडत नाही. मंत्र म्हणजे चांगलं बोलणं. त्यातून माणसात सोफ्रोसिनी नावाचा गुण रुजतो. (पोराच्या वस्त्राआड नजर गेली तेव्हा आपलंच भान सुटलं, हेही तोच सांगतो. मला हा सॉक्रेटिस फार आवडतो.)

सोफ्रोसिनीला संयम म्हणावं तर त्यात दात-ओठ खाणं आलं. मूळ शब्दात फक्त 'शाबूत' आणि 'मन' आहे. आपलं 'डोकं ठिकाणावर असणं' जास्त जवळचं.

पण ती म्हणजे नेमकं काय? खार्मिदीस सांगतो, सगळं शांतपणे करणं. मग म्हणतो, भीड. मग, आपण आपलं काम बघणं. त्याचा पालक क्रितियास म्हणतो, स्वतःला ओळखणं. सॉक्रेटिस एकेक उत्तर खोडत जातो, शेवटी हाती काहीच उरत नाही.

इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधीश बसले. त्यांचा म्होरक्या हाच क्रितियास. खार्मिदीसही त्यांच्याच गोटात. वर्षभरात दोघे एकाच लढाईत मेले. आणि खार्मिदीस प्लेटोचा सख्खा मामा! भाच्याने हे सगळं घडून गेल्यावर त्या दोघांच्या तोंडी सोफ्रोसिनीच्या व्याख्या घातल्या. लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल, हे दिवसभर मनातून जाईना.

ॲरिस्टॉटल आणखी बारीक चिरतो. मोह होतो पण आवरतो, तो माणूस वेगळा. ज्याला तसला मोहच छळत नाही, तो खरा सोफ्रोसिनीवाला.

डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय. आईने पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांच्या डब्यापुढून आज चार वेळा गेले, उघडला नाही. म्हणजे पहिल्या वर्गात तरी पास.

दहा वाजता डबा बाहेरून तुपकट वाटला. पुसायला घेतला. आतूनही बघावा म्हटलं.