फायबर लेझर असताना फेम्टो कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही शेडमध्ये गेलं की हाच प्रश्न येतो: "फायबर लेझर इतक्या स्वस्तात कापतो, मग फेम्टोसेकंदला एवढे पैसे का मोजायचे?" फायबर लेझर धातू वितळवून कापतो, फेम्टोसेकंद लेझर अतिशय छोट्या झटक्यांनी (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). पत्रा कापायचा असेल तर नकाच मोजू. ३ मिलिमीटर स्टीलला फायबरच घ्या.

पण स्टेंटसाठीची (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची नळी घ्या, भिंत जेमतेम ०.१५ मिलिमीटर. फायबरने कापली की वितळलेला धातू कडेला आणि नळीच्या आत गोठून बसतो. मग आतून घासा, ॲसिडमध्ये बुडवा. त्यात बारीक पट्ट्या वाकतात, माल बाद होतो. हा खर्च कोटेशनमध्ये कोणी धरतच नाही. फेम्टोची १० मायक्रोज्यूलची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, ३०० फेम्टोसेकंदांत येऊन जाते. तेवढ्यापुरती ताकद ३ कोटी वॅटच्या वर. २०० किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन लाख पल्स सोडल्या तरी, सरासरी मात्र फक्त २ वॅट. इलेक्ट्रॉनकडून उष्णता धातूत उतरायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात, तोवर पल्स संपलेली असते.

याला 'थंड कटाई' म्हणतात, मीही म्हणतो. पण ते अर्धंच खरं आहे. डिझाइनच्या वळणाशी बघा. सरळ रेषेत नळी सेकंदाला १० मिलिमीटर सरकते. लेझरच्या १५ मायक्रॉनच्या ठिपक्यात ३०० पल्स पडतात. वळणावर मोटर मंदावते, वेग २ वर येतो आणि पल्स मात्र त्याच चालीने सुटत राहतात: ३०० च्या जागी १५००. आधीची उष्णता निघायच्या आत पुढची येते. सरळ कड स्वच्छ आणि वळण निळसर काळं, असं दिसलं की हेच समजा. पल्स ठरावीक वेळाने नाही, नळी ठरावीक अंतर सरकली की सोडायची. कंट्रोलरमध्ये ती सोय असेल तरच मशीन घ्या. आणि नळीतून पाणी वाहतं ठेवा, नाहीतर समोरची भिंत भाजते.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक. चिलर (लेझर थंड ठेवणारं यंत्र) २० अंशांवर आणि रात्री एसी बंद, की सकाळी ऑप्टिक्सवर दव! एसी चोवीस तास हवा, त्याचं बिलही हिशेबात धरा.

१० पिकोसेकंदवाल्या स्वस्त मशीनवर भागेल का, यावर आमच्यातच वाद आहे. मी फेम्टोच्या बाजूचा. पण शेवटी इलेक्ट्रोपॉलिश (रसायनात वीज सोडून पृष्ठभाग गुळगुळीत करणं) दोन्हीकडे करावंच लागतं, हा समोरच्याचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.