हजेरीपटावरचं अर्धं नाव

कॉलेजात कार्यक्रम व्हायच्या आधी त्याची फाइल होते. प्राचार्यांची परवानगी, नोटीस, अहवाल, सह्यांचा हजेरीपट आणि जिओटॅग असलेले फोटो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी हाच पुरावा लागतो, त्यामुळे आमचं ऑफिस यात कुणालाही सूट देत नाही. मी पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि गे, लेस्बियन, ट्रान्स आणि अजून स्वतःला कुठलंच नाव न दिलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाचं काम बघते. महिन्यातून एकदा आमचा कट्टा असतो. चहा, कॅरम, गप्पा. सत्रात एक-दोनदा सिनेमा.

कट्ट्यापेक्षा सिनेमाला जास्त मुलं येतात. कट्ट्यावर उजेडात, चारचौघांच्या समोर बसावं लागतं. सिनेमाला अंधारात मागे बसता येतं आणि रूममेटनं विचारलं तर ‘पिक्चर बघायला गेलो होतो’ एवढं सांगून मोकळं होता येतं. म्हणून हॉलची व्यवस्था मी कुणावर सोपवत नाही. मागचं दार उघडं ठेवायचं, पण बाहेरची ट्यूब बंद, म्हणजे दार ढकललं की उजेडाचा पट्टा आत येत नाही. पायऱ्यांचे दिवे चालू ठेवायचे, नाहीतर उशिरा येणारा मोबाइलचा टॉर्च लावतो आणि रांगच्या रांग उजळून निघते. शेवटच्या दोन रांगा मोकळ्या. गटातली जुनी मुलं पुढे बसतात आणि सिनेमा सुरू असताना मागे वळून बघत नाहीत. पोस्टरवर सिनेमाचं नाव, वेळ आणि हॉल, बाकी काही नाही.

प्रेक्षक मात्र कॉलेजचेच हवेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सिनेमा दाखवायची मुभा आहे, ती विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोकांपुरतीच. त्यामुळे दारात आयकार्ड बघावंच लागतं. बघायचं आणि परत द्यायचं, लिहून घ्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. हॉलचे मामा हे इतकं नीट करतात की कार्डावरचं नाव वाचल्याचंही ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. ही समज मला पीएचडी केलेल्या अनेकांमध्ये सापडलेली नाही.

या वेळी ‘अलीगढ’ लावायचा, हे मुलांनीच ठरवलं. हंसल मेहतांचा, 2016 साली आलेला. मराठीच्या शिक्षकाला तो सिनेमा लांबून बघता येत नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीच शिकवत होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी 2010 मध्ये ते एका पुरुषासोबत असताना कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते त्यांनाच. तेही प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा कलम 377 बद्दलचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं देऊन वर्षही झालं नसताना. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले.

सिनेमाच्या आधी मी आत साउंड बघत होते. मागच्या स्पीकरमधून खरखर येत होती, केबल बदलेपर्यंत वेळ गेला. बाहेर आले तर दाराशी टेबल, टेबलावर हजेरीपट, सुतळीला बांधलेलं पेन आणि ऑफिसमधला एक क्लार्क. शेजारी फोटोसाठी एक मुलगा उभा. वरून आदेश होता म्हणे. मामा बाजूला उभे होते, त्यांना बोलू दिलं नव्हतं.

मी हजेरीपट उचलला. नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल, सही असे रकाने. पहिली पाच-सहा नावं गटातल्या जुन्या मुलांची, ठळक अक्षरात. ती कुणाला घाबरत नाहीत. त्याखाली एका ओळीत दोनच अक्षरं होती आणि त्यांच्यावर रेघा. पेन इतकं दाबून फिरवलं होतं की कागद फाटला होता. अक्षरं ओळखू येऊ नयेत याची त्या मुलानं, किंवा मुलीनं, पुरेपूर काळजी घेतली होती. पुढचे रकाने कोरे.

“हे कोण होतं?” मी मामांना विचारलं.

“आत नाही आले मॅडम. जिन्यानं खाली गेले.” मग जरा थांबून म्हणाले, “कोण ते नाही सांगत.”

मीही पुन्हा विचारलं नाही. टेबल हलवलं, क्लार्कला परत पाठवलं, फोटोवाल्या मुलाला फोन खिशात ठेवून आत बसायला सांगितलं. तो बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. सिनेमा संपल्यावर वडापाव खाताना सगळी मुलं सिरासांबद्दल बोलत होती. कुणी तरी म्हणालं, त्यांना फक्त दार लावून घेता यायला हवं होतं. मला मात्र त्या जिन्यानं उतरून गेलेल्या माणसाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. दारापर्यंत यायलाच त्याला किती महिने लागले असतील!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. मी प्रेक्षकांची संख्या लिहून दिली आणि सुरू होण्याआधी काढलेला हॉलचा फोटो दिला. पडदा, खुर्च्या, जिओटॅग, तारीख, सगळं होतं. “रिकाम्या खुर्च्यांना पुरावा कसं म्हणायचं, मॅडम?” हे विचारणारे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. पण रकाना भरला नाही तर काम झालंच नाही, अशी आमच्याकडच्या सगळ्यांची मनं घडली आहेत आणि याची मला चीड येते. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. कागदावर काहीच नसेल तर पुढच्या वर्षी या गटाला हॉल कुठल्या आधारावर द्यायचा? मी उद्या इथे नसले तर?

नोंद नसेल तर गट टिकत नाही आणि नोंद असेल तर मुलं येत नाहीत. यावर मी आठवडाभर विचार करते आहे.

सध्या प्राचार्यांना अर्ज दिला आहे. या गटाच्या कार्यक्रमांना नावांऐवजी फक्त संख्या आणि त्याखाली दोन शिक्षकांच्या सह्या ग्राह्य धराव्यात, असा. सोबत दोन गोष्टी जोडल्या आहेत. लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभ्यातला भाग आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा पुट्टस्वामी निकाल आणि लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगमध्ये धरणारी यूजीसीची 2016 ची दुरुस्ती. अर्जावर इनवर्डचा शिक्का मिळाला, उत्तर नाही. दुसऱ्या सहीसाठी रसायनशास्त्राच्या एक मॅडम आपणहून तयार झाल्या आहेत. ते फाटलेलं पान मी ऑफिसला दिलेलं नाही, देणारही नाही. पुढच्या सिनेमाचं पोस्टर मुलांनी कालच लावलं, मुलामुलींच्या दोन्ही हॉस्टेलच्या मेसबाहेरसुद्धा. या वेळी त्यावर एक ओळ वाढवली आहे: नाव लिहावं लागणार नाही.