ओने आय

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर चिरोटे. दिवाळीला अजून आठवडा आहे पण आईला घाई, कारण यंदा ती चिरोट्याच्या पोळ्या लाटत नाहीये, ओढतेय. म्हणजे डायनिंग टेबलवर जुनी धुतलेली चादर अंथरली, त्यावर मैदा भुरभुरला, आणि मैद्याचा गोळा हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन चारी बाजूंनी ओढत ओढत पसरवत गेली. मी म्हटलं आई, चिरोटे आहेत हे, स्ट्रूडेल नाही. तर म्हणते, "पापुद्रा तो पापुद्रा, इथला काय नि तिथला काय." पहिल्या पोळीला मधोमध भोक पडलं, दुसरीला कडेला, तिसरी मात्र इतकी पातळ आली की खालच्या चादरीवरची फुलं दिसत होती. मग त्यावर साटा लावला आणि गुंडाळी केली. तळल्यावर फुलले की नाही ते लिहायला नको, संध्याकाळपर्यंत मी एकटीने सहा खाल्लेत.

हे सगळं व्हिएन्नाचं, स्ट्रूडेल म्हणजे तिकडची पापुद्र्याची गुंडाळी. धाकटा भाऊ तिथे नोकरीला, दोन वर्षं झाली बोलावून बोलावून दमला, शेवटी सप्टेंबरमध्ये मी आणि आई बारा दिवस जाऊन आलो. माझा प्लॅन जायच्या आधीपासून पक्का होता. म्युझियम-बिझियम होईल तेव्हा होईल, रोज एक तरी कोंडिटोराय करायचं, म्हणजे तिकडचं केक-पेस्ट्रीचं दुकान, बसून खायची सोय असलेलं. आणि आई अंडं खात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, आयुष्यभर माहीत आहे, पण इथे इंदूरला राजेंद्र नगरात त्याचा त्रास कधी झालाच नाही ना, एगलेस केक कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, वाढदिवसाला दुसरा कधी आणलाच नाही. तिकडे पहिल्याच दिवशी काचेसमोर उभे राहिलो आणि लक्षात आलं की आत मांडलेल्या वीसेक प्रकारांत आईने खाण्यासारखं फक्त पाणी आहे. मी म्हटलं अगं, केकमध्ये कळतपण नाही. तर म्हणे, "वांग्याची भाजी मिक्सरमधून काढली म्हणून काय ती दुधी होते का?"

पहिलं जर्मन आम्ही तेव्हाच शिकलो. ओने म्हणजे शिवाय, आणि अंड्याला म्हणतात आय. "ओने आय?" विचारायचं. धाकट्याने हे सांगितल्यावर आई इतकी हसली की शेजारचे वळून बघायला लागले. बुऱ्हाणपूरला तिच्या माहेरी शेजारपाजारची पोरं आपापल्या आईला आयच म्हणायची. म्हणजे दुकानात जाऊन विचारायचं काय, तर आईशिवाय काही आहे का. आईला घेऊन.

पण खरं काम केलं अक्षरांनी. ऑस्ट्रियात मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे छोटी छोटी अक्षरं असतात, ए, सी, जी, एच अशी. आधी वाटलं साइज असेल. मग कळलं की युरोपात 2014 च्या डिसेंबरपासून नियमच आहे, ज्यांची अॅलर्जी होते असे 14 पदार्थ, ते कशात आहेत हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे, आणि ऑस्ट्रियाने त्यांना अक्षरं दिलीत. ए म्हणजे गहू वगैरे, जी म्हणजे दूध, एच म्हणजे सुकामेवा, सी म्हणजे अंडं. बास, आईला चावी सापडली. तिला इंग्लिश फारसं येत नाही, जर्मन तर नाहीच, पण चष्मा कपाळावर चढवून ती मेन्यूच्या ओळीवरून बोट फिरवायची आणि पुटपुटायची, "ए, सी, जी... सी. ए, सी... सी. इथेपण सी." संकष्टीचा चंद्रोदय बघावा तसं. सी नसलेली ओळ काही उगवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी साखर हॉटेल. लिहितात साखर असंच वाचता येईल असं, म्हणतात जवळजवळ झाखर, पण आम्ही साखरच म्हणत राहिलो, गोडाचंच दुकान ना. ऑपेराच्या मागे आहे. तिथला तो साखर टोर्ट. गोष्ट अशी सांगतात की 1832 मध्ये मेटर्निख म्हणून मोठा मंत्री होता त्याच्याकडे पाहुणे यायचे होते, मुख्य आचारी आजारी, तर फ्रांझ साखर नावाच्या 16 वर्षांच्या शिकाऊ पोराने हा चॉकलेट केक केला. पुढे त्याच्या मुलाने, एडुआर्डने, हॉटेल काढलं 1876 मध्ये. आणि मग खरी मजा, डेमेल नावाचं दुसरं जुनं दुकान आणि हे हॉटेल यांच्यात "असली कोणाचा" यावरून कोर्टबाजी, ती मिटली 1963 मध्ये. तेव्हा "ओरिजिनल" हे नाव हॉटेलकडे गेलं आणि डेमेलवाल्यांना केकवर एडुआर्ड साखरचं नाव लावायचा हक्क मिळाला. हॉटेलवाले जर्दाळूचा जॅम मधोमधही लावतात, डेमेलवाले फक्त वरच्या चॉकलेटखाली. एवढ्यासाठी कोर्ट! आपल्याकडे मुरैनाच्या गजकेची, त्या तिळाच्या मिठाईची, दुकानं बघा, ओळीने दहा पाट्या, दहाही असली, आणि कोणी कोणाला काही म्हणत नाही.

एका तुकड्याचे आपले आठ-नऊशे रुपये. आपल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, एवढ्यात चौघांचं पोट भरून वर घरी बांधून आणता येईल, हा हिशोब मी आईला केला नाही, तिने आपणहून केला. आई समोर बसली, पर्समधून लौंग शेवेचं पाकीट काढलं (हो, साखर हॉटेलात, त्या लाल मखमलीच्या खुर्चीवर) आणि माझी प्लेट नीट न्याहाळून म्हणाली, "कोरडा असणार. म्हणून तर शेजारी एवढं फेटलेलं क्रीम दिलंय, आणि त्यात साखर नसणार." मी खाल्ला. कोरडाच होता. क्रीम अगोडच होतं. खरं सांगायचं तर मला काही तो फार ग्रेट वाटला नाही, जॅमचा आंबटपणा तेवढा आवडला, पण आईसमोर आठशे रुपयांचं काही नावडलं असं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मस्त मस्त करत संपवला.

डेमेलला मात्र आईने मला हलू दिलं नाही. कोलमार्क्टवर आहे, 1786 पासूनचं, राजवाड्याला मिठाई पुरवणारं. तिथे कारागीर काचेपलीकडे काम करतात, बाहेरून दिसतं. मी आत जागा मिळवायच्या लाइनीत आणि आई काचेला नाक लावून. एक मुलगी केकवर चॉकलेट ओतत होती, दोनच हातांत सगळं सपाट, परत सुरी लावणं नाही. आई म्हणाली, "बेटा, हे नुसतं चॉकलेट विरघळवलेलं नाहीये. पाक आहे. बघ कसा घट्ट होत चाललाय, परत हात लावला तर रवाळ होईल म्हणून ती लावत नाहीये." मी म्हटलं काहीतरीच. रात्री बघितलं तर खरंच, साखरेचा पाक करून त्यात चॉकलेट, तार येईपर्यंत शिजवून, दगडावर घोटून मग ओततात. चौसष्ट वर्षं... नाही, अडुसष्ट पूर्ण झाली तिला आता, आणि हा केक तिने जिभेला लावलेला नाही.

मध्ये एक दिवस बुडापेस्ट, ट्रेनने पावणेतीन तासांच्या आत. डोबोश टोर्ट खाल्ला, पातळ पातळ थर, मध्ये चॉकलेटचं बटरक्रीम, वर कॅरमेलची काच, सुरी मारली की कडकन. हा डोबोश नावाचा माणूस मला आवडला. 1885 च्या प्रदर्शनात त्याने हा केक आणला, फ्रीज नसलेल्या दिवसांत टिकावा म्हणून वर कॅरमेल आणि आत लोणी, आणि 1906 मध्ये चक्क कृती बुडापेस्टच्या मिठाईवाल्यांच्या संघाला देऊन टाकली, करा म्हणे सगळेजण. ना कोर्ट ना काही. रस्त्यावर लाकडी दांड्याला पीठ गुंडाळून भाजतात, साखर लावलेली पोकळ चिमणी, तिचा वास असा की आईचा निश्चय ढळणार असं मला वाटलं. विचारलं, अंडं होतं. आई म्हणाली वासाचे पैसे नाही ना लागत, आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.

आता स्ट्रूडेल. धाकट्याच्या घराजवळ, दहाव्या वॉर्डात, टुरिस्ट वगैरे कोणी नाही अशा गल्लीत एक लहानसं दुकान. मी ब्रेड घ्यायला गेले होते, आई मागे. तिचं बोट पाटीवर फिरायला लागलं, आणि थांबलं. "ए, जी." मी म्हटलं परत बघ. "ए, जी. संपलं." सफरचंदाचा स्ट्रूडेल. तरी मी विचारलं, ओने आय? त्या दुकानवाल्या बाई, आईच्याच वयाच्या, त्यांनी मान हलवली आणि मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, मैदा, पाणी, तेल, मीठ. मग वरून लोणी. आईला एवढं कळलं, तिने हाताने विचारलं, ओढता कशा? तर त्या बाईंनी काउंटरवरच दोन्ही मुठी उलट्या धरून हवेत ओढून दाखवलं, आणि आईनेही तसंच करून दाखवलं. दोघी काउंटरच्या दोन बाजूंना, हवेत नसलेली पोळी ओढतायत. मी ब्रेड घेऊन उभी.

"मांडे!" आई मला म्हणाली. बुऱ्हाणपूरला ते हातावर असेच मोठे करतात आणि उलट्या तव्यावर टाकतात. स्ट्रूडेल गरम होता, आत सफरचंद, दालचिनी, बेदाणे आणि लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा. चुरा कशाला ते आईने लगेच सांगितलं, फळाला पाणी सुटतं ते प्यायला. पहिला घास घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सफरचंद शिजवून एवढं बरं लागतं हे माहीत नव्हतं." त्यानंतर उरलेले सगळे दिवस सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चटक लागली ना, तिला अजून काहीतरी खाऊ घालायची. शेवटून दुसऱ्या दिवशी एका कॅफेत काचेच्या ग्लासात पांढरंशुभ्र काहीतरी, वर रासबेरीचा लाल रस. पन्ना कोटा. पुढे फक्त एकच अक्षर, जी. फक्त दूध! मी विजयी मुद्रेने आणलं. आईने चमचा घातला, ते थरथरलं, तोंडात टाकलं तर विरघळलं. "बासुंदी थिजवल्यासारखी आहे गं." चमचा चाटला. ग्लासच्या तळाला जे चिकटलं होतं तेही खरवडून काढलं, मी आयुष्यात पहिल्यांदा तिला बाहेर असं खाताना बघितलं. फोटोपण आहे.

रात्री धाकट्याला तो फोटो दाखवला. तो म्हणाला, ताई, पन्ना कोटा जिलेटिनने सेट करतात.

त्या 14 मध्ये जिलेटिन नाही. त्याची अॅलर्जी यादीत नाही, त्यामुळे त्याला अक्षर नाही. अक्षरं दमेकऱ्यांसाठी, पुरळ उठणाऱ्यांसाठी आहेत, आईसाठी नाहीत, हे मला कसं सुचलं नाही? आणि जिलेटिन म्हणजे डुकराचं किंवा गाईचं कातडं, हाडं. अंड्याच्या कितीतरी पुढचं. धाकटा म्हणाला सांगू नकोस, तिला काही झालं नाहीये, उगाच जिवाला लावून घेईल. मीही म्हटलं बरोबर आहे. आतल्या खोलीत ती बॅग भरत होती आणि रासबेरी इंदूरला मिळते का विचारत होती.

तेव्हापासून रोज सांगायचं ठरवते. दिल्लीच्या विमानात ठरवलं, तिला झोप लागली. घरी आल्यावर ठरवलं, तर शेजारच्या काकू बसलेल्या आणि आई त्यांना रंगवून रंगवून सांगतेय, तिकडे अक्षरं लिहिलेली असतात हो, फसवाफसवीचं कामच नाही.

आज दुपारी चिरोट्यांची शेवटची गुंडाळी कापता कापता म्हणाली, "ते पांढरं होतं ना, फक्त जी वालं, त्याची कृती काढ ना मोबाइलवर. भाऊबीजेला करू, जावईबापूंना वेगळं काहीतरी होईल." माझ्या हातात झारा. मला वाटलं आत्ताच, आत्ताच बोलून टाकावं. तळणीत चार चिरोटे होते, ते उलटवले.

"कशाने घट्ट करतात गं ते?" तिने विचारलं.

"चायना ग्रास," मी म्हटलं.

"मग सोपं आहे," आई म्हणाली. उद्या सियागंजातून दोन पाकिटं आणायचीयत.