स्कीमा गेला, फंक्शन राहिलं: पोस्टग्रेसच्या लॉकांचा नाद, नोंद ३

आधीच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळीत. ओळखीतल्या एकाच्या टेस्ट सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप घेणारा रात्रीचा पीजीडंप एके दिवशी "अमुक ओआयडीचा स्कीमा अस्तित्वात नाही" म्हणून मेला, आणि मग रोजच मरायला लागला. (स्कीमा म्हणजे डेटाबेसात टेबलं, फंक्शनं ठेवायचा कप्पा, ओआयडी म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक वस्तूला देतो तो आकडा.) त्यांच्याकडे कोडच्या प्रत्येक ब्रँचसाठी एक स्कीमा बनतो, टेस्ट झाली की ड्रॉप होतो, बनवणारा जॉब वेगळा आणि पाडणारा वेगळा, आणि दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही. मला हे ऐकून इतकी उत्सुकता लागली की तीन वीकेंड त्यातच गेले, घरचे म्हणतात नुसत्या काळ्या खिडक्या उघडून काय बघत बसतोस, पण ते असो.

तर या शनिवारी पहिलं काम म्हणजे हा प्रकार माझ्या लॅपटॉपवर हुकमी घडवून आणणं. पोस्टग्रेस १६, आणि त्याला कमांड द्यायच्या पीएसक्यूएलच्या दोन खिडक्या. पहिलीत बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन चालू, मग स्कीमात एक फुटकळ फंक्शन बनवायचं आणि कमिट, म्हणजे पक्कं, करायचं नाही. दुसरीत तोच स्कीमा ड्रॉप, कॅस्केड (अवलंबून असलेलं सगळं सोबत पाडा) वगैरे काही न लावता. मला वाटलेलं एकतर थांबून राहील नाहीतर "याच्यावर दुसरं काहीतरी अवलंबून आहे" म्हणून नकार देईल. दोन्ही नाही, ड्रॉप एका झटक्यात. मग पहिलीत कमिट, तेही बिनबोभाट. आता पीजी_प्रॉक या फंक्शनांच्या यादीत फंक्शन आहे, त्याच्या प्रोनेमस्पेसला, म्हणजे स्कीमाच्या ओआयडीला, नाव दिसावं म्हणून रेगनेमस्पेसमध्ये कास्ट केलं की नावाच्या जागी नुसता आकडा येतो, कारण त्या आकड्याचा स्कीमाच उरला नाही. पीजीडंप मारला, तीच एरर. खरं सांगतो, एरर बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

हे होतं कसं ते एकदा कळलं की फार गूढ नाहीये. कोण कोणावर अवलंबून आहे याची यादी पीजी_डिपेंड नावाच्या कॅटलॉग टेबलात (कॅटलॉग म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःची नोंदवही) असते, आणि ड्रॉप करताना पोस्टग्रेस तीच यादी चाळतो. पण फंक्शन बनवणाऱ्याने तिथे टाकलेली ओळ अजून कमिट झालेली नाही, म्हणजे पाडणाऱ्याला ती दिसतच नाही. चाळ पाडायला आलेल्या बिल्डरने भाडेकरूंची वही बघावी, वही कोरी, म्हणून पाडायला घ्यावी, आणि त्याच वेळी एक जण वरच्या मजल्यावर करारावर सही करून सामान लावतोय, फक्त वहीत नाव चढायचं बाकी आहे, तसला प्रकार. वही बघणं चुकीचं नाही, वही बघताना दाराला कडी न लावणं चुकीचं.

दोन खिडक्यांचा खेळ हाताने कितीदा करणार, म्हणून पोस्टग्रेसच्या सोर्समध्येच असलेला आयसोलेशन टेस्टर वापरायला घेतला. ज्यांनी वापरला नाही त्यांनी जरूर बघा, जाम भारी चीज आहे. एका स्पेक फाइलमध्ये सेशन, म्हणजे एकेक खिडकी, आणि त्यांच्या पायऱ्या लिहायच्या, आणि तुम्ही क्रम दिले नाहीत तर तो शक्य ते सगळे क्रम स्वतः चालवून बघतो. बिगिन दोन्हीकडे सेटअपमध्ये टाकलं, मग उरलं एकीकडे क्रिएट आणि कमिट, दुसरीकडे ड्रॉप आणि कमिट, म्हणजे एकूण ६ क्रम. त्यातल्या ४ मध्ये अनाथ, म्हणजे स्कीमा नसलेलं, फंक्शन. वाचलेले दोन कुठले, तर एक सेशन पूर्ण संपल्यावर दुसरं चालू झालं तेच. म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांवर जराही सरकली की गेलंच. ड्रॉप आधी झाला पण कमिट व्हायचाय आणि मधेच फंक्शन बनलं, तेव्हासुद्धा, कारण त्या सेशनला स्कीमा अजून जिवंत दिसतोय.

मग नेहमीचा भाबडा उपाय, आयसोलेशन लेव्हल सीरियलायझेबल करून टाकू, म्हणजे ट्रान्झॅक्शन एकामागे एक चालल्यासारखाच निकाल यावा अशी सगळ्यात कडक पातळी. केलं. ६ पैकी ४ तसेच. सोर्समध्ये बघितलं तर सीरियलायझेबलसाठी जे प्रेडिकेट लॉक (कोणी काय वाचलं याची खूण) लागतात ते सिस्टम कॅटलॉगवर घेतलेच जात नाहीत, तुमच्या आमच्या टेबलांपुरतंच ते राखण आहे. त्यामुळे कोणी "सीरियलायझेबल लावा, सुटेल" म्हणालं तर त्यांना स्पेक फाइल द्या आणि गप्प बसा.

इथून पुढे खरी मजा आली, कारण फंक्शनच्या जागी टेबल ठेवून तेच क्रम चालवले तर एकही अनाथ नाही. क्रिएट टेबल स्कीमावर ॲक्सेस शेअर नावाचं हलकं लॉक घेतं, आणि लॉक मिळाल्यावर नाव परत एकदा शोधून बघतं की मधल्या काळात स्कीमा गेला तर नाही ना. हे ९.२ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. रोलच्या, म्हणजे डेटाबेसच्या वापरकर्त्याच्या, बाबतीतही तसंच: ग्रँट, म्हणजे त्याला हक्क देणं, चालू असताना तिकडे ड्रॉप रोल केला तर तो थांबतो, आणि उलट केलं तर ग्रँट थांबून मग "हा रोल दरम्यान ड्रॉप झाला" अशी एरर देतं, कारण पीजी_एसएचडिपेंडमध्ये (सामायिक वस्तूंवरच्या अवलंबनाची यादी) ओळ टाकायच्या आधी समोरच्यावर लॉक घेऊन तो आहे का हे तपासणारा कोड आहे. आणि आपल्या नेहमीच्या फॉरेन कीचं, म्हणजे चाइल्ड टेबलाच्या ओळीने पेरंट टेबलाच्या ओळीकडे बोट दाखवण्याचं, तर काय सांगायचं. तिथे चाइल्डमध्ये ओळ टाकताना पेरंटच्या ओळीवर लॉक बसतं, पूर्वी फॉर अपडेट असायचं, ८.१ मध्ये फॉर शेअर आलं, आणि ९.३ पासून फॉर की शेअर, म्हणजे दर पिढीत लॉक आणखी हलकं करत आणलंय. दुसऱ्याच्या डेटाला इतकं जपणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात फंक्शन, टाइप, ऑपरेटर यांना वाऱ्यावर सोडलंय, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

टाइपचं, म्हणजे डेटाच्या प्रकाराचं, पण करून बघितलं. फंक्शनचा रिटर्न टाइप दुसऱ्या सेशनने ड्रॉप केला, दोन्ही कमिट, मग फंक्शन बोलावलं की "कॅश लुकअप फेल्ड फॉर टाइप" आणि पुढे आकडा. ही एरर गूगल करत किती लोकांनी रात्री घालवल्या असतील देव जाणे.

तर रविवारचा प्रश्न असा होता, सर्व्हरचा कोड न बदलता, नुसत्या एसक्यूएलने, फंक्शन बनवायच्या आधी स्कीमाला कडी कशी लावायची. लॉक टेबल आहे पण लॉक स्कीमा असं काही नाहीच. ॲडव्हायझरी लॉक आहेत, पण ते सगळ्यांनी पाळले तरच, आणि तो पाडणारा जॉब कोणाचं ऐकतो असं वाटत नाही. मग डोक्यात आलं की टेबल बनवताना स्कीमावर लॉक बसतंच ना, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी एक रिकामं टेबल बनवायचं, लगेच ड्रॉप करायचं आणि मग फंक्शन बनवायचं, कारण टेबल गेलं तरी स्कीमावरचं लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतं. चाललं! पण दिसायला भयाण, आणि टाइपसाठी काही उपयोग नाही.

जेवण झाल्यावर सोर्स चाळताना कमेंट.सी मध्ये घबाड मिळालं. कमेंट ऑन स्कीमा, म्हणजे स्कीमाला टीप लिहायची कमांड. कमेंट लिहिताना पोस्टग्रेस त्या वस्तूवर शेअर अपडेट एक्सक्लुझिव्ह लॉक घेतो, मुद्दाम, कोणी मधेच ड्रॉप करू नये म्हणून, आणि लॉक मिळाल्यावर वस्तू आहे का हे परत बघतो. आणि हे फक्त स्कीमाला नाही, टाइप, फंक्शन, सगळ्यांनाच. म्हणजे माझं मायग्रेशन, डेटाबेसात बदल करणारी स्क्रिप्ट, आता असं: बिगिन, कमेंट ऑन स्कीमा, मग फंक्शन, मग कमिट. चालू लॉक दाखवणाऱ्या पीजी_लॉक्समध्ये लॉकटाइप ऑब्जेक्टची ओळ डोळ्यांनी बघितली आणि खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

टेस्टरमध्ये चढवलं. ६ पैकी २ क्रम आता चालवताच येत नाहीत, कारण जे सेशन वाट बघत उभं आहे त्यालाच पुढची पायरी सांगितल्यासारखं होतं, म्हणून स्पेकमध्ये उरलेले ४ हाताने लिहिले. चारही स्वच्छ. ड्रॉप आधी वेटिंग दाखवतो, मग कमिट झाल्यावर "दुसरं काहीतरी अवलंबून आहे" म्हणून नीट नकार देतो. उलट क्रमात कमेंट थांबतं आणि मग "स्कीमा अस्तित्वात नाही" म्हणून मायग्रेशन पडतं, पडू दे की, तेच हवंय. आणि पाडणाऱ्याने कॅस्केड लावलेलं असेल तर तुमचं फंक्शन जाईल, पण पूर्ण जाईल, अर्धं लटकणार नाही.

खोड्या आहेत, आधीच सांगतो. कमेंट खरोखरच बदलतं, म्हणून आधीचा मजकूर होता तोच परत लिहा, मी पहिल्यांदा नल, म्हणजे काहीच नाही, टाकलं आणि स्वतःचीच टीप पुसली. वस्तूची मालकी लागते, दुसऱ्याचा स्कीमा असेल तर ते रिकाम्या टेबलाचं सोंगच करावं लागेल, त्याला मालकी लागत नाही. हे लॉक स्वतःशीच भांडतं, म्हणजे एकाच स्कीमात दोन मायग्रेशन एकदम चालणार नाहीत, एकामागे एक जातील, मला चालतंय पण तुम्हाला नसेल चालत. आणि एकाने आधी स्कीमा मग टाइप, दुसऱ्याने आधी टाइप मग स्कीमा असं धरलं की डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून बसणं) ठरलेला, पोस्टग्रेस डिफॉल्टला १ सेकंद थांबून तो शोधतो आणि एकाचा बळी देतो. मी क्रम ठरवून टाकलाय, आधी स्कीमा, मग टाइप नावाच्या अकारविल्हे. लॉक टाइमआउट पण लावून ठेवा, नाहीतर कोणी बिगिन करून चहाला गेला की मागे रांग.

मग सर्व्हरनेच प्रत्येक अवलंबनाला लॉक का घेऊ नये, हा प्रश्न मलाही पडला होता. घ्यायलाच हवं असं माझं मत आहे, पण फुकट नाहीये ते. लॉक नोंदवून ठेवायची मेमरीतली जागा मोजून असते, मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन डिफॉल्टला ६४, आणि मोठा डंप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये रीस्टोर करताना "आउट ऑफ शेअर्ड मेमरी" ज्यांनी खाल्लंय त्यांना कळेल. इंट, टेक्स्ट असले अंगचे टाइप वगळता येतात, ते ड्रॉप होतच नाहीत, तरी बाकीचे उरतातच.

जुने अनाथ शोधायचं सोपं निघालं. पीजी_डिपेंडच्या प्रत्येक ओळीतल्या रेफक्लासआयडी, रेफऑब्जआयडी आणि रेफऑब्जसबआयडीला (ज्यावर अवलंबून आहे त्या वस्तूचा पत्ता) वस्तूचं वर्णन देणारं पीजी_डिस्क्राइब_ऑब्जेक्ट लावायचं, १४ पासून ते वस्तू नसेल तर एरर न देता नल देतं, म्हणजे जिथे नल तिथे अनाथ. मी आधी पीजी_गेट_कॅटलॉग_फॉरेन_कीज घेऊन डायनॅमिक एसक्यूएलचा भलामोठा जनरेटर लिहिला होता, ते फंक्शनही १४ मध्येच आलं, कॅटलॉगमधली कुठली कॉलम कुठे बोट दाखवते हे सगळं सांगतं. दोन तास घालवले, ॲरेवाल्या कॉलमसाठी अननेस्ट वगैरे, आणि शेवटी या प्रकरणापुरतं एका क्वेरीत भागलं. जनरेटर टाकून दिला नाही, ठेवलाय.

सफाईला मात्र जरा धीर लागला. अनाथ फंक्शन ड्रॉप करणार कसं, नाव घ्यायला स्कीमाच नाही. १२ पासून ओआयडी साधी कॉलम झाल्यामुळे सुपरयूजर होऊन पीजी_नेमस्पेसमध्ये त्याच ओआयडीची ओळ इन्सर्ट केली, नाव ठेवलं भूत, मग ड्रॉप फंक्शन भूत टिंब अमुक, मग ड्रॉप स्कीमा भूत. पीजीडंप सुरळीत. खेळण्यातल्या डेटाबेसवरच करा, आणि आधी डेटा डिरेक्टरीची सर्व्हर बंद करून कॉपी घ्या, मी घेतली होती, एकदा लागलीसुद्धा, ओआयडीचा एक अंक चुकवला होता.

त्या ओळखीतल्याला क्वेरी पाठवली. २३ ओळी निघाल्या म्हणाला. पाडणारा जॉब अजून तसाच चालू आहे, बनवणाऱ्यात कमेंट घातलंय. माझ्याकडे आता डोमेन आणि ऑपरेटरच्या स्पेक फाइल लिहायच्या राहिल्यात, पुढच्या शनिवारी लग्नाला जायचंय, त्यामुळे त्याच्या पुढच्या.