सराव-नोंद ७ : खळ्यावरून ग्रीनवर

अमळनेरहून पहाटे साडेतीनला निघालो. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग धरला, चांदवडच्या घाटात धुकं लागलं, तरी सातच्या आत नाशिकजवळच्या गोल्फ कोर्सवर स्पर्धेसाठी हजर होतो. आप्पा, नाना, बापू आणि मी. चौघंही १९९४ ला एकाच वर्गातून दहावी झालेले. माजी विद्यार्थ्यांचा संघ म्हणून शाळेच्या नावाने खेळण्याची ही पहिलीच वेळ. खिशावर शाळेचं बोधचिन्ह शिवून घेतलं होतं. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, उभं राहताना बापूने त्यावरून एकदा हात फिरवला, आणि मलाही भरून आलं.

स्पर्धा स्टेबलफोर्डची, म्हणजे प्रत्येक होलला गुण मोजण्याची. दोन दिवस, रोज १८ होल, चौघांपैकी सर्वांत चांगल्या तिघांचे गुण संघाचे. हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) वजा करून पारला, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांना, २ गुण, एक फटका जास्त म्हणजे बोगीला १, एक कमी म्हणजे बर्डीला ३. डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं तर शून्य. आपल्यासारख्या वीस-पंचविसाच्या हँडिकॅपवाल्यांना ही पद्धत फार मानवते. होल हातचा गेला की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं. आमचा सराव बापूच्या शेतात. कपाशी निघाली की एका पट्ट्यातली पऱ्हाटी उपटून जमीन सपाट करतो, तिथे आयर्नने (लोखंडी क्लबने) फटके मारतो. जुन्या खळ्यावर चाळलेल्या वाळूत इंजिन ऑइल कालवून ब्राउन केलं आहे, म्हणजे कपाभोवतीच्या गवती ग्रीनऐवजी वाळूचं. पुट (चेंडू कपाकडे घरंगळवायचा फटका) मारायच्या आधी रेषेवर लाकडी फळी ओढायची, की वाट सरळ. महिन्यातून एकदा नाशिकला जाऊन कार्डं भरली, ५४ होल झाले तेव्हा हँडिकॅप मिळाला.

पहिल्या दिवशी, शनिवारी, या खळ्याच्या सवयीच नडल्या.

पहिली पुटिंगची. ब्राउनवर चेंडू सरळच जातो, वाळू त्याला धरून ठेवते, त्यामुळे आमचा हात ठोक्याचा झालाय. ग्रीनवर उतार वाचावा लागतो आणि वेग आधी ठरवावा लागतो. तिसऱ्या होलवर पंधरा पावलांवरून मारलेला माझा पुट कपाजवळून सरकत थेट खालच्या काठावर गेला. तिथून परत तीन. त्यात जानेवारीचं दव. पहिले चार-पाच होल ग्रीन ओलं होतं, चेंडू अडखळत जात होता. ऊन चढलं तसं तेच ग्रीन पळायला लागलं. मी सकाळचाच जोर धरून बसलो. दिवसभरात ४१ पुट.

दुसरी सवय वेजची, म्हणजे जवळून चेंडू उंच उचलायच्या क्लबची. काळी माती वाळली की दगडासारखी होते. तिच्यावर क्लबचा तळ आपटला की उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो, म्हणून आम्ही पुढच्या धारेनेच चेंडू उचलायला शिकलो. मऊ गवतात तीच धार मातीत रुतली. चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) दोन हातांवर पडायच्या. कॅडी पोरगा चार होल गप्प बघत होता, मग म्हणाला, "काका, क्लबचा फेस जरा उघडा आणि तळ घासू द्या, क्लब स्वतःच सरकेल." बाउन्स हा शब्द मी शंभर वेळा वाचला होता. ५६ अंशांच्या वेजच्या तळाला तो दहा-बारा अंशांचा कोन कशासाठी दिलाय, हे त्या चिपला हाताला कळलं.

आणि ते गवत म्हणजे हरळी! बर्म्युडा म्हणतात ते आपल्या हरळीचंच कुळ. शेतात तिचा एक कोंब दिसला की वडील कुदळ घेऊन मुळापर्यंत खणायला लावायचे. इथे तीच कातरून, पाणी देऊन जपलेली. गुडघ्यावर बसून पाहिलं तर पाती एका अंगाला झुकलेली दिसतात. त्या अंगाने पुट पळतो, उलट अंगाने अडतो.

अकराव्या होलला आप्पाचा टी-शॉट बाभळींकडे गेला. "आणखी एक मारून ठेवतो," म्हणत त्याने दुसरा मारला. पुढे गेलो तर पहिला चेंडू बाभळीच्या अलीकडे चांगला पडलेला. सोबतच्या संघातल्या गृहस्थांनी शांतपणे नियम सांगितला: "प्रोव्हिजनल" हा शब्द, किंवा नियम १८.३ नुसार तात्पुरता चेंडू खेळतोय असं स्पष्ट सांगणं, आवश्यक. नुसतं आणखी एक मारतो म्हटलं की दुसराच चेंडू खेळात, दंडासह. आप्पाचा चौथा फटका त्या दुसऱ्या चेंडूवरून. त्याने एक शब्द वाद घातला नाही. बापू एवढंच म्हणाला, "जाऊ दे भो, आते पुढलं देख." होल शून्यावर गेला. सगळ्यांनी हा नियम पाठ करा, आणि शोधायला मिळणारी वेळ २०१९ पासून पाचाऐवजी तीन मिनिटं आहे हेही.

शनिवारचे गुण: नाना २८, आप्पा २६, मी २३, बापू १९. संघाचे ७७.

रात्री खोलीवर दादर ज्वारीची भाकरी, घरून डब्यात आणलेलं भरीत आणि कांद्याची पात. जेवताना ठरलं की रविवारी कुणीही लांब पुट कपात घालायला जायचं नाही, कपाभोवती घमेल्याएवढी जागा धरायची आणि चेंडू तिच्यात थांबवायचा. सकाळी अर्धा तास आधी जाऊन सराव-ग्रीनवर दहा, वीस, तीस पावलांवरून मारले, कपाकडे न बघता, नुसत्या अंतरासाठी. उतार डोळ्यांपेक्षा पायांना आधी कळतो, हे नानाचं निरीक्षण. रेषेच्या मध्यावर दोन पाय टेकून उभं राहिलं की कुठल्या टाचेवर भार येतो ते जाणवतं.

रविवारचे गुण: बापू ३३, मी ३१, आप्पा ३०, नाना २७. संघाचे ९४, एकूण १७१. चौदा संघांत नववे. माझे पुट ३४. सतराव्या होलवर बापूने बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू काढून एका पुटमध्ये पार साधला. हँडिकॅप धरून तीन गुण. तेव्हा आम्ही तिघं दहावीच्या पोरांसारखे ओरडलो.

मंगळवारी संध्याकाळी खळ्यावरची वाळू एका बाजूने चार बोटं चढवली. फळी आता रेषेवर ओढत नाही, पूर्ण ब्राउनवर एकदाच फिरवतो आणि मग उतारावरून पुट मारतो. शेजारी दहा बाय दहाच्या तुकड्यावर बांधावरची हरळी आणून लावली आहे, वेजसाठी. बापूच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही.